तंबाखूच्या खणातल्या गोळ्या

मित्रांनो, मी न्हावऱ्याच्या रंभाबाईंचा पानाचा डबा. पितळेचा आहे, चाळिशी उलटलेला आहे, झाकणाला एका बाजूने पोचा आला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण किती राबलो आणि लोक कसे विसरले, याचंच रडगाणं गातात. माझं तसं नाही. मला कुणी विसरलं नाही. उलट माझं कौतुकच फार झालं, आणि त्या कौतुकानंच घात केला. मला हात नाहीत, खण आहेत. पण जे झालं ते माझ्या खणातून झालं, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म पुण्यात एका तांबटाच्या हातोडीखाली झाला. रंभाबाईंचे वडील दौंडला रेल्वेत गँगमन होते. लेकीच्या लग्नात भांड्यांची रास द्यायची त्यांची ऐपत नव्हती. पण एक वस्तू तरी अशी द्यावी की सासरच्या ओट्यावर चारचौघांत उठून दिसेल, म्हणून त्यांनी दौंडच्या बाजारात मला घेतलं. ते साल होतं बासष्ट. माझ्या पोटात ओल्या फडक्यात पानं, आणि वरच्या ताटलीत पाच खण : सुपारी, कात, चुना, लवंग आणि तंबाखू.

न्हावऱ्याच्या आमच्या वस्तीत एक रीत होती. ओट्यावर डबा ठेवलेला असला की आल्यागेल्याने तो आपल्या हाताने पुढे ओढायचा. विचारायचं नाही. आणि समोरून डबा सरकवला, तर नको म्हणायचं नाही. पानाला नको म्हणणं म्हणजे माणसालाच नको म्हणणं. भीमजयंतीच्या मिटिंगा, सोयरिकी, भावाभावांचे तंटे, सगळं माझ्याभोवती बसून झालं. रंभाबाईंचे मालक बबनराव शाळेत शिपाई होते. ते म्हणायचे, आमच्या घरात साहेब एकच, हा डबा, कारण सगळे याच्यापुढे हात पसरतात. मी ऐकायचो आणि फुगायचो. पितळच ते, चकाकायला वेळ लागत नाही.

माझ्यापुढे सगळ्यात जास्त वेळा हात आला तो सोजरबाईंचा. त्या समोरच्या घरातल्या. रंभाबाईंपेक्षा अठरा-एकोणीस वर्षांनी मोठ्या. रंभाबाई नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा चुलीपासून बाळंतपणापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. सख्ख्या सासूला रंभाबाई भीत, पण सोजरबाईंना त्या ‘आक्का’ म्हणत आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत. आक्काचा नवरा लवकर गेला. कांदा काढायला, ऊस खुरपायला जाऊन तिने एकुलत्या एका पोराला, बाळासोला, वाढवलं. पुढे बाळासो कारखान्यात लागला, सिंधू नावाची सून आली, आक्काच्या हातातलं खुरपं सुटलं. मग रोज दुपारी जेवण झालं की आक्का ओट्यावर आणि मी दोघींच्या मधे.

रंभाबाईंना पंचावन्नाव्या वर्षी साखर निघाली. दोन वर्षांत पायाच्या तळव्यांची आग सुरू झाली. निखाऱ्यावर चालल्यासारखं होई आणि वर मुंग्या. दौंडला रेल्वेत असलेल्या सतीशने, त्यांच्या मुलाने, त्यांना तिथल्या एका डॉक्टरांकडे नेलं. मी पिशवीत होतोच. रंभाबाई मला सोडून कुठं जात नसत. डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलणारे. त्यांनी रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली, लघवी अडते का, चक्कर येते का, रात्री उठावं लागतं का, सगळं विचारलं. मग लहानात लहान ताकदीची गोळी दिली, दर पंधरा दिवसांनी बोलावलं आणि थोडी थोडी वाढवत नेली. शेवटी एक फिकट पिवळी गोळी ठरली, झोपताना एक. आणि ते जे म्हणाले ते मी या कानांनी, म्हणजे माझ्या दोन कड्यांनी, ऐकलं आहे.

“मावशी, ही गोळी तुमच्या वयाला आणि तुमच्या तब्येतीला बेतून दिलीय. तुमच्यापेक्षा म्हाताऱ्या माणसाला हीच गोळी अंगावर येईल. तुमची गोळी तुमच्यापुरती.”

रंभाबाईंनी मान हलवली होती. मी पण ऐकलं होतं. आम्ही दोघं विसरलो.

त्याच डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला लावली, म्हणून माझा पाचवा खण रिकामा झाला. आता रिकामा खण कुणाला बघवतो? रंभाबाईंची बोटंही बधिर झालेली. पाकीट फोडताना गोळी उडायची आणि थेट चुलीत जायची. म्हणून महिन्याचं औषध आलं की त्या एका दुपारी चष्मा लावून बसत, सगळ्या गोळ्या एकदाच काढून तंबाखूच्या खणात टाकत आणि पाकिटं चुलीत घालत. नाव गेलं, तारीख गेली, राहिली नुसती पिवळी गोळी. ती पानाच्या डब्यात आली, आणि इथंच सगळं बिघडलं. कारण पानाच्या डब्यात जे असतं ते देण्यासाठीच असतं, असं आमच्या ओट्यावर लहान पोरालाही ठाऊक होतं.

दोन हजार एक सालच्या मार्चमध्ये आक्काला नागीण झाली. उजव्या कुशीपासून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा. गेरू लावला, लिंबाचा पाला लावला, फोड सुकले. पण आग राहिली. आमच्यात समज असा, की नागीण सुकली म्हणजे दुखणं संपलं. मग आक्का कण्हायला लागली की सिंधू म्हणे, सासूबाईंना आता सवय लागलीय. आक्का ओट्यावर येई ती पदर अंगापासून लांब धरून. चोळीचा कपडा लागला तरी तिचा चेहरा पिळवटे. पंच्याहत्तर वर्षांची बाई, आयुष्यात कधी हाय म्हणाली नाही, ती आता मुठीत पदर धरून बसायची. रंभाबाईंना ते बघवेना.

जयंती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. रंभाबाईंनी मला पुढे सरकवलं आणि पानाऐवजी पाचवा खण उघडला.

“आक्का, ह्यातली एक घ्या. माझ्या पायाची आग विझली, तुम्ही बघितलंय न्हवं?”

“नको गं रंभे,” आक्का म्हणाली. “ती तुला दिलीय डॉक्टरनं. मी आधीच प्रेशरची खाते, झोपंची खाते.”

“नसांचंच हाय माझं, नसांचंच हाय तुमचं. आन् ह्या डब्याला कवा न्हाई म्हणलाय तुम्ही आजपतूर?”

मित्रांनो, एवढं नीट लक्षात ठेवा. आक्का नको म्हणाली होती. तिला गोळी नको होती. तिला रंभाबाईंचं मन मोडायचं नव्हतं. तिने हात पुढे केला. मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला अभिमान वाटला. आता माझ्यातून औषधही मिळतं, असं वाटलं. लाज वाटते आता सांगायला.

त्या रात्री आक्का झोपली. दीड महिन्यात पहिल्यांदा. सकाळी ती हसत आली आणि माझ्या झाकणावरून हात फिरवून म्हणाली, तुझ्यात गुण हाय रं बाबा. दोघींपलीकडे कुणाला ते कळलं नाही. मग रोज झोपायच्या आधी एक गोळी ठरली. आठ-दहा दिवसांनी आग पुन्हा डोकं काढू लागली, तर रंभाबाई म्हणाल्या, एकीने भागत नसेल तर दोन घ्या. गोळ्या कमी पडल्या की त्या जुन्याच चिठ्ठीवर दुकानातून जास्तीच्या आणवत. दौंडच्या डॉक्टरांनी पंधरा-पंधरा दिवस थांबून, विचारून, तपासून जे केलं, ते आमच्या ओट्यावर पान जुळवता जुळवता उरकलं.

मी जवळून बघत होतो, म्हणून मला कळायला हवं होतं. आक्काच्या तोंडाला कोरड पडू लागली, दोघी म्हणाल्या चुना जास्त झाला. परसाकडेला होईना, दोघी म्हणाल्या ऊन वाढलंय. दुपारी बोलता बोलता तिचं तोंड उघडंच राही आणि डोळा लागे. उठताना ती खांब धरायची. एकदा तिने मला ओळखलंच नाही, हा डबा कुणाचा म्हणून विचारलं. दोघी हसल्या, म्हातारपण म्हणाल्या. सगळ्या गोष्टींना काही ना काही कारण सापडत होतं; खरं कारण पाचव्या खणात होतं आणि तिकडे कुणी बघत नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटे नळाच्या चावीपाशी जाताना आक्काला चक्कर आली आणि ती आडवी झाली. मांडीचं हाड खुब्यात मोडलं. बाळासोने जीप करून तिला शिरूरला एका दवाखान्यात नेलं. पण हाडापेक्षा वाईट पुढेच होतं. आक्काचं भानच हरपलं. चादरीतून नसलेले धागे ओढून काढायची, मेलेल्या नवऱ्याला हाका मारायची, बाळासोला म्हणायची तुम्ही कोण पाव्हणं. लघवी तुंबून पोट तट्ट झालं, तिला नळी घालावी लागली. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं कोणकोणती औषधं चालू आहेत. सिंधूने प्रेशरचं आणि झोपेचं पाकीट दाखवलं, तेवढंच तिला ठाऊक होतं. बाईंना काही उलगडेना. मेंदूला काही झालं असेल, पुण्याला हलवावं लागेल, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रंभाबाई एसटीने शिरूरला गेल्या. मी पिशवीत. आक्काने त्यांच्याकडे बघितलं ते भिंतीकडे बघावं तसं. डॉक्टरीणबाईंनी खाटेभोवती जमलेल्या सगळ्यांना परत विचारलं, आणखी काही घेत होत्या का, झाडपाला, कुणाची गोळी, काहीही. रंभाबाईंचा हात पिशवीत होता, माझ्या झाकणावर. मला वाटलं, आता उघडतात. उघडलं नाही. चारचौघांत, बाळासोच्या देखत, कसं सांगणार? त्या संध्याकाळच्या गाडीने तशाच घरी आल्या. रात्रभर आक्काला शांत करायला म्हणून आणखी सुया दिल्या गेल्या, आणि ती आणखी भरकटली. तो एक दिवस आमचा. त्याचा दोष कुणावर ढकलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही परत दवाखान्यात गेलो तेव्हा भावकीतली म्हातारी मंडळी बाळासोला सांगत होती, पुण्याला नेऊन हाल नको करू, घरी ने, आपल्या घरात प्राण जाऊ दे. बाळासो रडत रडत हो म्हणत होता. ते ऐकलं आणि रंभाबाई उठल्या. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्यांनी मला ठेवलं, झाकण काढलं आणि पाचव्या खणाकडे बोट दाखवलं. “आक्का ह्या खात हुत्या,” म्हणाल्या.

बाईंनी पिवळी गोळी उचलून उजेडात धरली. रंभाबाईंना विचारून दौंडच्या डॉक्टरांना फोन लावला, गोळीचं नाव विचारलं, ताकद विचारली. रोज किती, म्हणून विचारलं. दोन, रंभाबाई म्हणाल्या. बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी समजावून सांगितलं : या वयात ही गोळी डोक्यावर चढते, लघवी अडवते, पाय डळमळीत करते, त्यात झोपेची गोळी, त्यात आम्ही दिलेल्या सुया. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाळासो दारातच उभा होता. त्याने विचारलं, “मावशी, तुम्ही दिल्या ह्या?”

आणि रंभाबाई म्हणाल्या, “आक्कानं मागितल्या. मागितल्या म्हणून दिल्या.”

मी टेबलावर उघडा पडलो होतो. मला बोलता येत असतं तर मी तिथंच बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे मलाही ते वाक्य ऐकून हायसं वाटलं होतं.

सुया बदलल्या, झोपेची गोळी कमी केली, सलाईन चालू राहिलं. चार दिवसांत आक्काचं डोकं निवळलं. पाचव्या दिवशी तिने बाळासोला नावाने हाक मारली. पोटच्या पोराने आधी तिचे पाय धरले आणि मग तिलाच दटावलं, की कशाला लोकांच्या गोळ्या मागून खायच्या? आक्काने मान वळवून रंभाबाईंकडे बघितलं. रंभाबाईंची नजर फरशीवर.

“व्हय,” आक्का म्हणाली. “मीच मागितल्या.”

पुण्याला ऑपरेशन झालं, जुलैमध्ये आक्का वॉकर घेऊन घरी आली. नागिणीची आग होतीच. म्हणून शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी मूत्रपिंडाचं रक्त तपासून दुसऱ्या जातीची गोळी लिहून दिली, अगदी कमी ताकदीची. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : रोज रात्री एक, चक्कर आली तर कळवा, पंधरा दिवसांनी दाखवायला आणा, मनाने वाढवू नका, मनाने बंद करू नका. हे सगळं रंभाबाईंना दारात उभं राहून कळलं, आणि त्यांना वाटलं चला, सुटलो. आक्का आता ओट्यावर येऊ शकत नव्हती. रंभाबाई तिच्याकडे कमी कमी जाऊ लागल्या. चोराच्या मनात चांदणं. आणि वस्तीत सिंधूने एक शब्द पसरवला होता : आमच्या म्हातारीला गोळ्यांची चटक. नळावर, दुकानात, लग्नात. लोक हसायचे. रंभाबाई ऐकायच्या आणि घागर उचलून चालू लागायच्या.

एक जानेवारीला वस्तीतून भीमा कोरेगावला टेंपो जातो. दरवर्षी या दोघी पांढरी लुगडी नेसून शेजारी शेजारी बसायच्या. त्या सकाळी रंभाबाई निघताना आक्काला जयभीम करायला म्हणून तिच्या घरात गेल्या. मी काखेत होतो. कडाक्याची थंडी होती, आणि आक्का आतल्या खोलीत कमरेच्या वर उघडी बसली होती. चोळी बाजूला. अंगाला वारासुद्धा सोसत नव्हता. पांढरं लुगडं समोर घडी घातलेलं, नेसायचा प्रयत्न करून ठेवून दिलेलं.

रंभाबाईंनी विचारलं, गोळी घेत न्हाई का तुम्ही? स्वयंपाकघरातून सिंधूच म्हणाली, मालकांनी कपाटावर टाकलीय, एकदा दिली की ही परत मागत सुटंल, हिचा काय भरवसा.

मित्रांनो, तेव्हा आम्हाला कळलं. आधी आम्ही आक्काला नको ती गोळी दिली. मग एका वाक्याने तिच्या हक्काची गोळी तिच्या तोंडातून काढून घेतली. दुसरं पाप पहिल्याहून मोठं होतं, कारण पहिलं न कळून झालं होतं.

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजत होता. बाळासो बायकांना चढवत होता. रंभाबाईंनी त्याला आत बोलावलं. त्यांना माहीत होतं की हे घर आता आपल्याला बंद होईल, वस्ती थुंकेल. त्यांनी मला जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघून सांगितलं, “बाळासो, तुझ्या आईनं कवाच मागितली न्हवती. ती नको म्हणली. मीच तिच्या हातात दिली. दोनचं मीच सांगितलं. दवाखान्यात मी खोटं बोलले.”

सिंधू पिठाच्या हातांनी बाहेर आली. बोलली ती आक्का, आणि चिडून बोलली.

“येवढं मी तुला झाकलं, रंभे. कशाला उघडी पडलीस?”

“तुम्ही मला झाकलं आन् उघड्यानं जळत बसलात, आक्का.”

बाळासो वळला. स्टुलावर चढला, कपाटावरून पाकीट काढलं, त्यावरची धूळ सदऱ्याने पुसली. कागद दोनदा वाचला. रंभाबाईंशी तो त्या दिवशी बोलला नाही, पुढे वर्षभर बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं. पण आईला घेऊन तो दुसऱ्याच दिवशी शिरूरला गेला. बाईंनी परत रक्त तपासलं आणि पहिल्यापासून, कमी ताकदीने, सुरुवात केली. फेब्रुवारीत आक्काने चोळी घातली.

माझा पाचवा खण आता रिकामा आहे, आणि रिकामाच बरा. रंभाबाईंच्या गोळ्या पाकिटात राहतात, आणि दवाखान्यात जाताना घरातली यच्चयावत औषधं पिशवीत जातात, शेजारणीनं दिलेला काढासुद्धा.

मित्रांनो, तुम्ही मोठ्या मनाची माणसं आहात, वाटून खाणारी आहात. पान द्या, भाकरी द्या, दुखत्या माणसाशेजारी बसा. आपल्या नावाची गोळी तेवढी कुणाला देऊ नका. म्हाताऱ्या माणसाला तर नकोच नको. आणि हातून चूक झालीच तर डॉक्टरांना सगळी सांगा, त्याच दिवशी सांगा, अर्धी सांगू नका. आम्ही अर्धी सांगितली. उरलेली अर्धी सांगायला आम्हाला सहा महिने लागले, आणि ते सहा महिने आमच्याऐवजी आक्काने सोसले.